‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ : विधानसभेत खर्चाचा आणि सोयीसुविधांचा प्रश्न विचारताना या चुका टाळा

महाराष्ट्र विधानसभेच्या तारांकित, म्हणजे तोंडी उत्तरासाठीच्या प्रश्नांची छापील यादी चाळली, की एक जोडी वारंवार दिसते : ‘(१) हे खरे नाही. (२), (३), (४) व (५) प्रश्न उद्भवत नाही.’ मतदारसंघात रस्ता उखडलेला असतो, दवाखान्यात डॉक्टर नसतो, नळाला पाणी नसते, तरी सरकारचे उत्तर दोन ओळींत संपते. दर वेळी मंत्री खोटे बोलत असतात असे नाही. पुष्कळदा प्रश्नच असा लिहिलेला असतो, की खात्याला खरे बोलूनही निसटता येते. आमदार, त्यांचे स्वीय सहायक आणि प्रश्नासाठी माहिती पुरवणारे कार्यकर्ते या तिघांनाही उपयोगी पडतील अशा चुका पुढे दिल्या आहेत.

पहिल्याच भागावर सगळा भार टाकणे

सर्वात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग ‘हे खरे आहे काय’, त्यानंतर ‘असल्यास’, ‘असल्यास’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ या साच्यात पहिला भाग पडला की पुढचे सगळे भाग त्याच्यासोबत पडतात.

असा प्रश्न पाहा : ‘अमुक तालुक्यातील सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नाहीत व औषधांचा तीव्र तुटवडा असल्याने रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय?’ सहापैकी एका केंद्रात डॉक्टर असला तरी ‘सर्व’ हा शब्द खोटा ठरतो. ‘व’ने जोडलेल्या दोन गोष्टींपैकी एक चुकीची निघाली, तरी पूर्ण विधान नाकारता येते. ‘हाल होत आहेत’ हे तर मत झाले, आणि मत नाकारायला खात्याला कागदही शोधावा लागत नाही.

हाच प्रश्न असा लिहिता येतो :

(१) अमुक तालुक्यातील ६ प्राथमिक आरोग्य केंद्रांमधील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मंजूर पदांपैकी काही पदे रिक्त असल्याचे माहे जून, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, केंद्रनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती आहेत व प्रत्येक पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे;
(३) उक्त केंद्रांना सन २०२४-२५ मध्ये औषध खरेदीसाठी किती निधी वितरित करण्यात आला व त्यापैकी ३१ मार्च, २०२५ पर्यंत किती खर्च झाला;
(४) उक्त पदे भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे;
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

‘सर्व’च्या जागी ‘काही’ आल्यामुळे एक जरी पद रिक्त असेल तरी नकार देता येत नाही. ‘वा त्यादरम्यान’ हे शब्द नवख्यांना शोभेचे वाटतात आणि ते गाळतात, पण तारीख चार दिवसांनी चुकली म्हणून प्रश्न उडू नये यासाठीच ते असतात. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला ‘असल्यास’ नाही, हे तर सर्वात महत्त्वाचे. तो भाग स्वतःच्या पायावर उभा आहे. पहिला भाग नाकारला तरी औषधाचा आकडा द्यावाच लागतो. पैशांविषयीचा भाग शक्यतो असाच सुटा ठेवावा.

उत्तर ‘अंशतः खरे आहे’ असे आले, तर ती नामुष्की समजू नये. कोणता अंश खरा हे विचारण्याची संधी सभागृहात आपोआप मिळते.

मान्यता, तरतूद, वितरण आणि खर्च यांची सरमिसळ

‘पाच कोटी मंजूर झाले, ते गेले कुठे?’ हे वाक्य भाषणात चालते. प्रश्नात त्याचे उत्तर ‘निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येत आहे’ असे येते आणि ते बरोबरही असते. प्रशासकीय मान्यता मिळणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे. त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश हे टप्पे येतात. पैशाचा प्रवास त्याहून वेगळा : अर्थसंकल्पातली तरतूद, पुरवणी मागणीतून, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा निधीतून पडलेली भर, पुनर्विनियोजनाने इकडचे तिकडे झालेले आकडे, बीम्स या शासनाच्या संगणकीय निधी वितरण प्रणालीवर झालेले वितरण आणि शेवटी कोषागारातून निघालेली रक्कम.

रस्त्यांच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. काम अर्थसंकल्पात ‘आले’ म्हणून गावात फलक लागतो. कामाची किंमत कोटींत असते, पण त्या वर्षाची तरतूद नाममात्र, म्हणजे टोकन असते. मग काम वर्षानुवर्षे ‘प्रगतीपथावर’ राहते. म्हणून कामनिहाय चार आकडे एकत्र मागावेत : अंदाजपत्रकीय किंमत, चालू वर्षाची तरतूद, आजवरचा खर्च आणि कंत्राटदाराच्या प्रलंबित देयकांसह उरलेले दायित्व. चौथा आकडा सहसा कुणी मागत नाही. काम का थांबले, हे बहुतेक वेळा त्यातूनच कळते.

जिल्हा वार्षिक योजनेत ‘शंभर टक्के खर्च’ असे दिसले तर लगेच समाधान मानू नये. कोषागारातून रक्कम जिल्हा परिषदेकडे गेली, की राज्याच्या हिशेबात ती खर्ची पडते. जिल्हा परिषदेला मात्र तो निधी पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत वापरता येतो. त्यामुळे ‘खर्च झाला काय?’ असे न विचारता ‘अंमलबजावणी यंत्रणेने प्रत्यक्ष कामावर किती रक्कम अदा केली, खात्यावर किती शिल्लक आहे व मुदतीत खर्च न झाल्याने किती रक्कम परत करावी लागली?’ असे विचारावे.

लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात तो खर्च ज्या क्रमांकाखाली दाखवतात तो क्रमांक, लिहिले तर उत्तर चुकवणे आणखी अवघड होते. रस्ते व पुलांचा महसुली खर्च ३०५४ मध्ये आणि भांडवली खर्च ५०५४ मध्ये असतो. सार्वजनिक आरोग्य २२१० मध्ये, पाणीपुरवठा व स्वच्छता २२१५ मध्ये. ग्रामविकासाच्या कामांचे ‘पंचवीस-पंधरा’ (२५१५) तर गावच्या सरपंचालाही तोंडपाठ असते. शीर्ष नसलेल्या प्रश्नावर खाते स्वतःला सोयीचे शीर्ष निवडून उत्तर देते.

प्रश्न भलत्याच खात्याला जाणे

‘ही बाब या विभागाशी संबंधित नाही’ एवढ्या एका ओळीत अख्खे अधिवेशन वाया जाऊ शकते. प्रश्न योग्य खात्याकडे वर्ग झाला तरी त्या खात्याच्या प्रश्नांसाठी ठरलेला वार निघून गेलेला असतो.

रस्ता : राष्ट्रीय महामार्ग हा केंद्राचा विषय आहे. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, म्हणजे मंत्रालयात ग्रामविकास विभागाकडे येतात. मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ताही ग्रामविकासचाच. रस्त्याचा दर्जा कधी उन्नत झाला असेल तर मालकी बदललेली असते. तेव्हा गावकऱ्यांच्या सांगण्यावर न जाता रस्त्याचा क्रमांक बांधकाम उपविभागातून लेखी घ्यावा.

दवाखाना : प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय थेट राज्याचा आरोग्य विभाग चालवतो, आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे असते. औषध खरेदीसाठी २०२३ च्या कायद्याने वेगळे प्राधिकरण झाले आहे, काही खरेदी जिल्हा पातळीवरही होते. ‘औषधे का नाहीत?’ एवढेच विचारले तर यांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मागणी कोणत्या दिनांकास नोंदवली, पुरवठा आदेश कधी निघाला आणि माल कधी पोचला, अशा तीन तारखा मागितल्या की अडले कुठे ते उघड होते.

मोजमाप न धरता गैरसोय मांडणे

‘पाणी कमी येते’ यावर ‘पाणीपुरवठा सुरळीत आहे’ हे उत्तर तयारच असते. जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर हे परिमाण आहे. प्रश्न त्याला टांगावा : योजना कोणत्या दिनांकास पूर्ण दाखवली, सध्या दरडोई किती लिटर पाणी दिले जाते, उन्हाळ्यात त्याच गावात टँकर लावला होता काय. ‘पूर्ण’ योजनेच्या गावात शासकीय टँकर फिरल्याची नोंद तहसील कार्यालयात सापडली, तर वेगळा पुरावा लागत नाही. आरोग्य केंद्रासाठीही लोकसंख्येचा निकष आहे : सपाट भागात ३० हजारांना एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांना एक. उपकेंद्रासाठी हेच आकडे ५ हजार आणि ३ हजार.

कामाच्या दर्जाबद्दल ‘निकृष्ट’ हा शब्द एकटा वापरू नये. दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष दुरुस्त करण्याची कंत्राटदाराची जबाबदारी असलेली मुदत, कधी संपतो, गुणनियंत्रण चाचणीचे निष्कर्ष काय आले आणि मुदतवाढ देताना दंड आकारला की माफ केला, हे विचारावे.

वर्तमानपत्राचे कात्रण हाच पुरावा मानणे

कात्रणावरून प्रश्न सुचावा, तो तेवढ्यावर उभा करू नये. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज प्रश्नांच्या तारखा जाहीर होण्याच्या बराच आधी टाकावा लागतो. अर्जात अहवाल मागू नये, दस्तऐवज मागावा : कार्यारंभ आदेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची पाने, शेवटचे अदा केलेले देयक. शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रश्नात त्यांचा दिनांक घालावा. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे का, हेही आधीच पाहावे, नाहीतर प्रश्न स्वीकारलाच जात नाही.

उपप्रश्नाच्या जागी भाषण

प्रश्नोत्तराचा तास म्हणजे खरोखर एकच तास. यादीतले पहिले काही प्रश्नच तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांची छापील उत्तरे पटलावर जातात. इतक्या मेहनतीने वर आलेल्या प्रश्नावर उपप्रश्न, म्हणजे उत्तरानंतर विचारायचा पुढचा प्रश्न, विचारताना तीन मिनिटे पार्श्वभूमी सांगितली, की मंत्री त्यातल्या सर्वात सोप्या वाक्याला उत्तर देऊन खाली बसतात. उपप्रश्न ‘किती’, ‘कोणत्या तारखेपर्यंत’ किंवा ‘कोणत्या अधिकाऱ्यामार्फत’ याने संपावा, आणि एका वेळी एकच असावा. ‘चौकशी करणार का?’ हा तर वाया घालवलेला उपप्रश्न, कारण ‘करू’ म्हणायला काहीच लागत नाही. ‘चौकशी किती दिवसांत पूर्ण होईल व अहवाल पटलावर ठेवणार का?’ असे विचारले, तर मंत्री मागे बसलेल्या अधिकाऱ्यांच्या चिठ्ठीकडे पाहतात.

सगळ्याला एकच आयुध

हातपंप दुरुस्तीसाठी तारांकित प्रश्न खर्ची घालणे ही उधळपट्टी आहे. ते काम गटविकास अधिकाऱ्याला पत्र देऊन किंवा जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत होते. तातडीची, सार्वजनिक महत्त्वाची घटना असेल तर विधानसभा नियम १०५ ची लक्षवेधी (मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) सूचना, तारांकित प्रश्नाचे उत्तर अपुरे राहिले असेल तर नियम ९४ खाली अर्धा तास चर्चा. तालुक्याची तक्रार थेट खात्याच्या खर्चाला जोडायची असेल तर खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवरील चर्चेच्या वेळी शंभर रुपयांची कपात सूचना, म्हणजे मागणीतून तेवढी रक्कम कमी करण्याची सूचना, द्यावी. रक्कम नाममात्र असली तरी विषय नोंदला जातो. आधीच झालेल्या खर्चाचा छडा लावायचा असेल, तर महालेखापालांच्या अहवालातला परिच्छेद क्रमांक हाती ठेवून हे अहवाल तपासणाऱ्या विधिमंडळाच्या लोकलेखा समितीच्या सदस्याला गाठणे जास्त फळते.

उत्तर मिळाले म्हणून फाइल बंद करणे

सभागृहात मंत्र्यांनी ‘तीन महिन्यांत पूर्ण करू’ असे म्हटले, की ते आश्वासन होते आणि त्याच्या पूर्ततेवर विधिमंडळाच्या आश्वासन समितीची नजर असते. पण कार्यवृत्तातले, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीतले, नेमके वाक्य आमदारांच्या कार्यालयाने उतरवून ठेवलेले नसते, त्यामुळे पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एका साध्या वहीत प्रश्न क्रमांक, उत्तराचा दिनांक, मंत्र्यांचे शब्द आणि दिलेली मुदत एवढे लिहावे. मुदत उलटली, की नव्या प्रश्नाचा पहिला भाग असा सुरू करता येतो : ‘तारांकित प्रश्न क्रमांक अमुक याला दिनांक अमुक रोजी दिलेल्या उत्तरात सदर काम तीन महिन्यांत पूर्ण करण्याचे आश्वासन देण्यात आले होते, हे खरे आहे काय?’ या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येत नाही.