कॉटेजच्या तळ्याची संघटना कशी चालवावी

मे महिन्यात व्हिक्टोरिया डेची जोडून सुट्टी आली की टोरोंटोहून उत्तरेकडे जाणारे हायवे तुडुंब भरतात. कॉटेजची दारं सहा-सात महिन्यांनी उघडतात, पाण्याचे पंप कुरकुरत सुरू होतात, काठावर ओढून ठेवलेले डॉक परत पाण्यात उतरतात. आमच्या हॅलिबर्टनकडच्या तळ्यावर त्याच शनिवारी सकाळी दहानंतर एक लहान बोट सगळ्यात खोल जागी जाऊन थांबते. बोटीत दोघं जण, दोरीला बांधलेली काळी-पांढरी चकती आणि नमुन्यांच्या बाटल्या. आमच्या संघटनेचं वर्ष तिथून सुरू होतं.

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात तळ्याकाठच्या कॉटेजमालकांच्या अशा संघटना शेकड्यांनी आहेत. त्यांची शिखर संस्था ‘फोका’, म्हणजे फेडरेशन ऑफ ऑन्टारियो कॉटेजर्स असोसिएशन्स, १९६३ पासून काम करते आणि पाचशेहून जास्त संघटना तिच्या सभासद आहेत. बहुतेक ठिकाणी सगळा कारभार हौसेवर आणि वर्गणीवर चालतो. माझ्या ओळखीतल्या चार-पाच मराठी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत इकडे कॉटेज घेतली आणि प्रत्येकाने मला विचारलं की या असोसिएशनमध्ये नेमकं करायचं काय असतं. मी आठ वर्षं कार्यकारिणीत आहे, त्यातली पाच चिटणीस म्हणून. आमच्यासारखं तळं बिघडतं ते मुख्यतः काठावरच्या घरांमुळे आणि सावरतंही त्यांच्याचमुळे, हे त्या आठ वर्षांत मला पक्कं कळलं. त्यामुळे खालच्या पायऱ्या फिरून फिरून शेजाऱ्याच्या दारात येतात.

पहिली पायरी : आपलं तळं समजून घ्या

समिती नेमण्याआधी फॉस्फरस म्हणजे काय ते समजून घ्या, कारण निम्मी भांडणं त्यावरूनच होणार आहेत. वायव्य ऑन्टारियोत प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. तिथे १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध, जिथे ते अरुंद होतं तिथे, प्लास्टिकचा पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. ती बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून काढलेला तो फोटो आम्ही दर वर्षी सभेत दाखवतो. तो पाहिल्यावर लांबलचक व्याख्यान द्यावं लागत नाही.

लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी फॉस्फरस असेल तर तळं नितळ, १० ते २० मध्ये मधलं आणि २० च्या वर गेलं की शेवाळ फोफावायला मोकळं. हा फॉस्फरस आपल्याच हातून येतो : गळणारी सेप्टिक टाकी, हिरवळीला घातलेलं खत, झाडं तोडल्यावर पावसात वाहून येणारी माती. आपल्या तळ्याचे जुने आकडे काढा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते नकाशावर पाहा, पातळी धरणावर अवलंबून आहे का ते विचारा. हॅलिबर्टनमधली कित्येक तळी ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गाला पाणी पुरवणारे जलाशय आहेत आणि त्यांचं पाणी पार्क्स कॅनडा ही केंद्र सरकारची संस्था सोडते. आपल्या तळ्याचं ऑगस्टमध्ये पाणी का उतरतं, हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाणार.

दुसरी पायरी : माणसं आणि नियमावली

ज्याने पुण्या-मुंबईत सोसायटीची सर्वसाधारण सभा पाहिली आहे त्याला हे काही नवीन नाही. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, पाण्याचं काम पाहणारा एक ‘लेक स्टुअर्ड’, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक रस्त्यामागे एक प्रतिनिधी. आमच्याकडे रस्ते नऊ आहेत आणि नऊ प्रतिनिधी आहेत. वर्गणी तेच गोळा करतात, नवीन घर आलं तर तेच ओळख करून घेतात. ईमेलला उत्तर न देणारा माणूस डॉकवर उभा राहून अर्धा तास बोलतो.

संघटनेची नोंदणी करून घ्या. बँकेत खातं, विमा आणि अनुदान या तिन्हींचं काम सोपं होतं. ऑन्टारियोचा ना-नफा संस्थांचा नवा कायदा १९ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार किमान तीन संचालक लागतात, सभेची सूचना दहा ते पन्नास दिवस आधी द्यावी लागते आणि दोन वार्षिक सभांमध्ये पंधरा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. कोरमचा आकडा नियमावलीत आठवणीने लिहा. लिहिला नाही तर निम्म्याहून अधिक सभासदांची हजेरी लागते, आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी तेवढी माणसं एका जागी येत नाहीत. तुमची संघटना ना-नफा असली तरी धर्मादाय म्हणून नोंदलेली नसेल तर देणगीदाराला करसवलतीची पावती देता येत नाही. हे पहिल्याच सभेत स्पष्ट सांगून टाका, म्हणजे पुढे गैरसमज होत नाहीत.

श्रमदानाच्या आधी विमा काढा. पाण्यात उतरणाऱ्या स्वयंसेवकाला काही झालं तर जबाबदारी संचालकांवर येते. फोकाच्या सभासद संघटनांना यात मदत मिळते. सभा जुलैत किंवा ऑगस्टच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून येणाऱ्या शनिवारी घ्या, तासाभरात संपवा आणि नंतर मक्याची कणसं उकडायला ठेवा. कार्यकारिणीतली बरीचशी माणसं मला त्या कणसांच्या पातेल्याभोवतीच मिळाली.

तिसरी पायरी : मोजा, दर वर्षी, त्याच जागी

‘लेक पार्टनर प्रोग्रॅम’मध्ये नाव नोंदवा. हा प्रांताच्या पर्यावरण खात्याचा उपक्रम. डॉर्सेट गावातल्या पर्यावरण विज्ञान केंद्रातून बाटल्या आणि चकती टपालाने घरी येते, नमुने टपालानेच परत जातात आणि तपासणीचा खर्च सरकार उचलतं. कॅनेडियन शील्डच्या कठीण खडकावरल्या तळ्यांचा फॉस्फरसचा नमुना वर्षातून एकदा, मे महिन्यात घेतात, इतर तळ्यांचा महिन्याच्या महिन्याला. पाण्याचा नितळपणा मात्र उन्हाळाभर मोजायचा.

चकतीला सेक्की चकती म्हणतात. व्यास २० सेंटिमीटर, चार भाग, दोन काळे आणि दोन पांढरे. बोटीच्या सावलीच्या बाजूला वाका, गॉगल काढा आणि चकती हळूहळू सोडा. पांढरा भाग आधी हिरवट होतो, मग पुसट, मग एका क्षणी काहीच दिसत नाही. दोरीवरची खूण वाचा. आता ओढून घ्या, दिसू लागली की परत वाचा. दोन्हींची सरासरी ही त्या दिवसाची नोंद. माझ्यासोबत येणारा सोळा वर्षांचा मुलगा पहिल्या दिवशी घाईने दोरी सोडायचा, आता तो श्वास रोखून बघतो. बाटलीत पाणी भरताना बारीक जाळीतून गाळून घ्यायचं असतं, कारण एखादा पाणपिसू जरी आत गेला तरी त्याच्या अंगातला फॉस्फरस आकडा फुगवतो.

त्याच नमुन्यातून कॅल्शियमही मोजतात. आम्लपावसाने कित्येक दशकं इथल्या मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं आणि शील्डवरच्या बऱ्याच तळ्यांत ते कमी होत गेलं. शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या डॅफ्निया नावाच्या पाणपिसवांना कवचासाठी कॅल्शियम लागतं. ते कमी झालं की डॅफ्निया कमी होतात.

एका वर्षाच्या आकड्याने काही कळत नाही. पाऊस जास्त झाला, बर्फ उशिरा वितळलं, की आकडा हलतो. आठ-दहा वर्षांची ओळ मांडली की तळं कुठे चाललंय ते दिसतं. म्हणून मोजणारी माणसं कायम दोन ठेवा. आमच्याकडे कुठल्या खाडीत कुठली पाणवेल वाढते याचे हाताने काढलेले नकाशे एकाच घरात, एका आजोबांकडे होते. त्या आजोबांनी कॉटेज विकली आणि सहा उन्हाळ्यांचं काम रद्दीत गेलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. आता प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती असतात.

चौथी पायरी : काठ आणि सेप्टिक

इथे संघटनेची खरी कसोटी आहे. आमच्या खाडीत ऐंशी पार केलेल्या एक बाई राहतात. त्यांच्या वडिलांनी लावलेली हिरवळ थेट पाण्यापर्यंत कापलेली असायची आणि कॅनडा गीज बदकांचा थवा तिथे दिवसभर चरायचा. समितीतल्या एकाने त्यांना पत्रक पाठवलं, त्या दुखावल्या आणि दोन वर्षं वर्गणी दिली नाही. मी नंतर चिवड्याचा डबा घेऊन गेले, दोन तास बसले, त्यांच्या वडिलांचे फोटो पाहिले. निघताना एवढंच विचारलं, “काठालगतचे तीन मीटर फक्त या उन्हाळ्यात न कापता सोडाल का? नातवंडांना पाण्यात उतरायला मधून वाट ठेवू.” त्या हो म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी आम्ही तिथे स्वीट गेल आणि रेड ओझियर डॉगवूडची रोपं लावली. उंच झुडपांत काय दडलंय ते दिसत नाही म्हणून बदकं तिथे यायची थांबली. आता बाई स्वतःच शेजाऱ्यांना काठ दाखवतात.

तेव्हा पत्रक शेवटी, भेट आधी. रोपं आणि सल्ला हवा असेल तर ‘वॉटरशेड्स कॅनडा’चा ‘नॅचरल एज’ उपक्रम आहे. ‘लव्ह युअर लेक’ नावाच्या दुसऱ्या उपक्रमात प्रशिक्षित माणसं बोटीतून प्रत्येक घराचा काठ पाहतात आणि अहवाल फक्त त्या मालकाच्याच हाती देतात. कुणाचा काठ वाईट हे चारचौघांत येत नाही, म्हणून लोक तो मनापासून वाचतात.

सेप्टिकचंही तसंच. टाकी दर तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्यावी लागते. चार माणसांसाठी बांधलेली टाकी भाड्याच्या कॉटेजमध्ये बारा पाहुण्यांना पुरत नाही. एकेका रस्त्यावरच्या घरांची उपसणी एकाच दिवशी ठरवली तर पंपवाल्याकडून दर कमी मिळतो, आणि न करणाऱ्यालाही शेजाऱ्याबरोबर करून टाकावंसं वाटतं. नगरपालिकेची फेरतपासणी योजना असेल तर संघटनेने तिला उघड पाठिंबा द्यावा, थोडी नाराजी पत्करून.

पाण्यावर निळ्या-हिरव्या रंगाचा, सांडलेल्या रंगासारखा तवंग दिसला तर कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका, कुत्र्यालाही नाही, आणि पर्यावरण खात्याला लगेच कळवा. आपल्याकडे पाणी उकळलं की निर्धास्त व्हायची सवय आहे. हे विष उकळून जात नाही.

पाचवी पायरी : बाहेरून येणारे जीव

पवना-इंद्रायणीतली जलपर्णी ज्याने पाहिली आहे त्याला युरेशियन वॉटरमिलफॉइल समजवावं लागत नाही. ही परकी पाणवेल एकदा पसरली की बोटीचा पंखा तिचे तुकडे करतो आणि तुकड्यातुकड्यातून नवी वेल उगवते. ओळखायची कशी? पान हातात घ्या. ते पिसासारखं असतं. मधल्या शिरेच्या बाजूच्या बारीक काड्यांच्या जोड्या मोजा. बारा किंवा जास्त असतील तर बहुधा युरेशियन, कमी असतील तर इथलीच. पाण्याबाहेर काढल्यावर युरेशियन वेल लुळी पडते, देशी जात ताठ राहते. शंका असेल तर फोटो काढून जाणकाराला पाठवा. उपटण्यापूर्वी परवानगी लागते का ते नैसर्गिक संसाधन खात्याला विचारा. देशी वेली काढून टाकल्या तर मोकळ्या जागेत परकी वेलच आधी शिरते.

बोटी उतरवण्याच्या जागेवर दोन स्वयंसेवक आणि एक फलक ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून ऑन्टारियोत बोट रस्त्यावरून नेण्याआधी तिच्यावरची पानं-प्राणी काढणं आणि तळाचं बूच काढून पाणी सोडणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यानंतर ५० अंशांच्या वरच्या गरम पाण्याने धुवा, किंवा काही दिवस उन्हात कडक वाळवा. स्वयंसेवकाने पोलिसासारखं बोलू नये. बोट पुसायला हात लावला की समोरचाही लावतो.

सहावी पायरी : लून आणि लाटा

नव्या सभासदाला जोडायचं तर त्याच्याकडे लून नावाच्या पाणपक्ष्यांची मोजणी द्या. बर्ड्स कॅनडाची ही पाहणी १९८१ पासून चालू आहे : जूनमध्ये जोडी आली का, जुलैत पिलं झाली का, ऑगस्टमध्ये जगली का. डॉलरच्या नाण्यावरचा हा पक्षी घरटं अगदी पाण्याला लागून करतो, त्यामुळे वेगाने गेलेल्या एका बोटीची लाट अंडी वाहून नेऊ शकते. काठापासून ३० मीटरच्या आत ताशी १० किलोमीटरची मर्यादा आहे, पण ती पाळली जाते ते घरटं कुठे आहे हे माहीत असल्यावर. आमच्या खाडीत तरंगता फलक लावल्यापासून वॉटरस्कीवाले तरुणच दुसऱ्यांना हात करून सावकाश जायला सांगतात.

सातवी पायरी : थँक्सगिव्हिंगपर्यंत

ऑक्टोबरमध्ये, कॅनडातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, डॉक वर येतात, पाइपांतलं पाणी सोडलं जातं आणि माणसं शहरात परततात. त्याआधी एक फाइल तयार करा : वर्षाचे आकडे, हिशेब, सभेचं इतिवृत्त, पाणवेलींचे नकाशे, प्रत्येक रस्त्याच्या प्रतिनिधीचं नाव. एक प्रत चिटणिसाकडे, एक लेक स्टुअर्डकडे, एक गावच्या ग्रंथालयात. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर एक बैठक घ्या आणि त्यात दोनच गोष्टी ठरवा : यंदा कोण पद सोडणार, आणि मेमध्ये बोटीत दुसरं माणूस कोण. आमच्याकडे यंदा सेक्कीची दोरी त्या सोळा वर्षांच्या मुलाकडे जाणार आहे. नोंदवहीत त्याने आत्ताच आपल्या अक्षरात पुढच्या वर्षाचे रकाने आखून ठेवले आहेत.