निरभ्र आकाशाचे प्रारूप जुळवण्याआधी घड्याळ तपासा

निरभ्र आकाशातील सौर प्रारणाच्या, म्हणजे ढग नसताना जमिनीवर किती सूर्यप्रकाश पोहोचतो हे काढण्याच्या, कामाला नव्याने लागलेल्यांनी तयार सॉफ्टवेअर लायब्ररीतल्या एका ओळीच्या फंक्शनने सुरुवात करू नये, असे माझे ठाम मत आहे. बर्ड आणि हल्स्ट्रॉम यांचे 1981 चे प्रारूप (हा प्रकाश सूत्रांनी काढणारे मॉडेल) एकदा स्वतः लिहून काढावे, म्हणजे रेले विकिरण (हवेच्या रेणूंमुळे होणारे प्रकाशाचे विखुरणे), ओझोन, बाष्प आणि धूलिकण यांपैकी कोण किती प्रकाश अडवतो हे नीट उमगते. त्यातली सूत्रे थोडी आणि सोपी आहेत, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

घाबरायला हवे ते वेळेच्या नोंदीला, कारण माझे काम सर्वाधिक काळ तिथेच अडले. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई सुमारे 72.9 अंशांवर, म्हणून इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी 38 मिनिटे मागे चालतो. त्यात कालसमीकरण (खरा सूर्य वर्षभरात सरासरी वेळेच्या जितका मागेपुढे होतो तो फरक) मिळवले की खरी माध्यान्ह फेब्रुवारीच्या मध्यात 12:53 च्या आसपास येते आणि नोव्हेंबरच्या आरंभी 12:22 ला. भारतीय वेळेऐवजी जागतिक वेळ (UTC) धरल्याने होणारी साडेपाच तासांची चूक आलेखात लगेच दिसते. अर्ध्या तासाची मात्र लपून राहते, कारण दिवसाची बेरीज जवळपास तीच येते. रेखांशाची दुरुस्ती राहिली, तर प्रारूप सकाळी मोजमापापेक्षा बरेच जास्त आणि दुपारनंतर कमी प्रारण दाखवते. हिवाळ्यात नऊच्या सुमारास हा फरक चौरस मीटरला शंभर वॉटच्या पुढे जाऊ शकतो. मुंबईत सकाळी धुरके असतेच, त्यामुळे दोष त्याच्यावर ढकलणे फार सोपे जाते. अशा वेळी ‘लिंके टर्बिडिटी (हवेचा गढूळपणा सांगणारा आकडा) थोडी वाढव, जुळेल’ असे सांगणारा मार्गदर्शक तुमचे नुकसान करतो, कारण आकडे जुळतात आणि चूक आतच राहते.

खात्री करण्यासाठी ऑक्टोबरनंतरचा एक पूर्ण निरभ्र दिवस निवडून प्रारूपाच्या आणि मोजमापाच्या आलेखांची सूर्योदय व सूर्यास्ताकडची दोन्ही टोके ताडून पाहा. धुरके प्रारण कमी करते, पण सूर्योदय पुढे ढकलत नाही. दोन्ही टोके एकाच बाजूला सरकली असतील तर दोष वेळेचाच आहे. डेटा लॉगरची (मोजमापे नोंदवणाऱ्या यंत्राची) ‘10:00’ ही नोंद नऊ ते दहाची सरासरी आहे की दहा ते अकराची, हेही विचारून घ्या आणि सूर्याचे स्थान त्या तासाच्या मध्यावर काढा.

एवढे झाल्यावर उरणारा फरक बहुतेक धूलिकणांचा असतो. तो क्षैतिज पृष्ठभागावरील एकूण प्रारणात कमी दिसतो, कारण थेट किरणांतून विखुरलेला बराचसा प्रकाश विसरित प्रारण म्हणून, म्हणजे आकाशाच्या सर्व बाजूंनी, परत मिळतो. थेट प्रारणात तो ठळक दिसतो. मेरा-2 (MERRA-2, नासाचा जगभरच्या हवामानाचा चौकोनवार विदासंच) मधील धूलिकणांचे आकडे वापरताना एवढे ध्यानात ठेवा, की त्यातला एक चौकोन सुमारे पन्नास ते पासष्ट किलोमीटरचा असतो, आणि मुंबईसारख्या किनाऱ्यावर त्यात शहराची हवा आणि अरबी समुद्रावरची हवा यांची एकच सरासरी येऊ शकते.