बलून फाइट: फुगा फोडला म्हणजे शत्रू संपला असं नाही

निन्टेन्डोच्या 'बलून फाइट' या जुन्या व्हिडिओ गेममध्ये तुम्ही फुग्यांना लटकून उडता आणि चोचवाले शत्रूही एकेका फुग्याला लटकून तरंगतात. साधा हिशोब: ज्याचे पाय वर, तो जिंकला. म्हणून हल्ला नेहमी वरून करायचा. समान उंचीवर धडकलात तर दोघंही नुसते उसळून मागे जातात.

पण नवे खेळाडू फसतात ते फुगा फुटल्यावर. शत्रू पॅराशूटने खाली येतो, फळीवर उतरतो आणि पंप मारून नवा फुगा फुगवू लागतो. तो पूर्ण फुगला की स्वारी आधीपेक्षा चपळ होऊन परत येते. त्यामुळे एकाचा फुगा फोडून लगेच दुसऱ्याकडे वळू नका. पहिल्याच्या मागे जाऊन, तो पंप मारत असतानाच त्याला धक्का द्या. पाण्यात पडला तर प्रश्नच मिटला.

टप्पा सुरू होतो तेव्हाही सगळे पंपच मारत असतात. त्या क्षणी थेट जवळच्या फळीकडे झेपावलात तर एखाददुसरा फुकटात मिळतो.

बटण सतत दाबून उडू नका, वेग आवरत नाही. हलके, तुटक टिचके द्या. पडद्याच्या डाव्या कडेतून बाहेर पडलं की उजवीकडून आत येता येतं, पाठलाग चुकवायला हे उत्तम. पाण्यालगत मात्र रेंगाळू नका, तिथला मोठा मासा गिळतो. आणि टप्पा लांबवलात तर ढगातून विजेच्या ठिणग्या सुटतात, त्या फुग्याला नाही, थेट तुम्हालाच संपवतात.