किंचित उंच पडणारी सायकल स्वतःला बसती करून घेताना

सीट आणि हँडल यांची जागा बदलता येते, फ्रेमचा आडवा दांडा मात्र आहे तिथेच राहतो; म्हणून पाना हाती घेण्याआधी दांडा तपासावा. नेहमीची पादत्राणे घालून, सायकल दोन्ही पायांमध्ये घेऊन, टाचा जमिनीला टेकवून उभे राहावे. दांडा आणि जांघ यांच्यात 2 ते 5 सेंटिमीटर अंतर राहत असेल, तर पुढची खटपट सार्थकी लागेल. दांडा अंगाला टेकत असेल, तर ‘पुढे उंची वाढेल’ या हिशेबाने मुलांसाठी अशी सायकल मुळीच घेऊ नये, कारण अचानक ब्रेक लावल्यावर मूल सीटवरून पुढे घसरते आणि मार नेमका दांड्याचाच बसतो.

सीटची नळी फ्रेममध्ये शिरते तिथला नट सैल करून सीट डावी-उजवीकडे फिरवत खाली आणावी. नळी गंजून अडकली असेल, तर तेल सोडून रात्रभर थांबावे. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास पाय जेमतेम सरळ व्हावा, म्हणजे चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात योग्य तेवढा बाक राहतो. बसल्या जागी दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत म्हणून सीट याहून खाली नेण्याचा मोह अनेकांना होतो. शिकाऊ व्यक्तीला सुरुवातीला तेवढी मुभा द्यावी, पण कायम तसेच ठेवल्यास गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त वाकतो, पुढच्या बाजूने दुखू लागतो आणि चढावर जोर कमी पडतो. त्यापेक्षा थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकण्याची सवय लावणे कितीतरी हिताचे आहे.

नळी पूर्ण आत जाऊनही सीट उंचच राहिली, तर स्प्रिंगची जाड सीट काढून पातळ सीट बसवावी.

मोठी फ्रेम लांबीलाही जास्त असते. हात ताणले जात असतील, तर सीट थोडीशीच पुढे सरकवावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर हँडलचा आखूड स्टेम (हँडल फ्रेमच्या बाजूला जोडणारा भाग) बसवून घ्यावा. रॉडच्या ब्रेकची जुनी काळी सायकल असल्यास हँडल खाली-वर केल्यावर रॉडही नव्याने जुळवावे लागतात. हे काम राहून गेले तर ब्रेक एकतर घासत राहतात किंवा लागतच नाहीत.

शेवटी पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे, सीटही तशीच पिळावी, आणि दोन्ही जागचे हलत नाहीत याची खात्री झाल्यावरच सायकल रस्त्यावर काढावी.