पापुआच्या डोंगरवस्तीत पाहुणे म्हणून राहायचे असेल तर

इंदूरच्या मराठी मंडळींत हिमालयाच्या वाटा पायाखाली घातलेले अनेकजण आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या मनात कधी ना कधी पापुआचे नाव येतेच. न्यू गिनी बेटाचा पश्चिमेकडचा अर्धा भाग इंडोनेशियात आहे. त्याच्या मध्यावरच्या पर्वतरांगांत, सुमारे १,६०० मीटर उंचीवर, बालिएम नदीचे खोरे पसरलेले असून वामेना हे तिथले मुख्य गाव आहे. बाहेरच्या जगाला या खोऱ्याची नीट ओळख झाली ती १९३८ साली, अमेरिकन संशोधक रिचर्ड आर्चबोल्ड यांना विमानातून खालची आखीव शेते दिसली तेव्हा. वामेनापासून चालत गेल्यावर दानी, लानी किंवा याली लोकांच्या ज्या वस्त्या लागतात, तिथे काही दिवस राहायचे तर काय तयारी हवी, ते इथे मांडले आहे. चढ-उतार हा त्यातला सोपा भाग आहे. आपल्या मुक्कामाचा भार त्या वस्तीवर पडू न देणे हे खरे कठीण काम, आणि सगळी तयारी त्याच अंगाने करावी असे माझे ठाम मत आहे.

तिकीट काढण्यापूर्वी सुरक्षिततेची चौकशी करावी. या पर्वतीय भागात सरकारी फौजा आणि स्वातंत्र्यवादी सशस्त्र गट यांच्यात अनेक वर्षे संघर्ष चालू आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्दुगा जिल्ह्यात एका लहान विमानाच्या न्यूझीलंडच्या वैमानिकाला पकडून नेण्यात आले, आणि त्याची सुटका झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. त्यामुळे न्दुगा, पुंचाक, इंतान जाया या बाजूंना जाण्याचा विचारही करू नये. बालिएम खोऱ्यातही त्या आठवड्याची परिस्थिती वामेनातल्या वाटाड्याकडून आणि पोलिसांकडून समजून घ्यावी, आणि त्यांनी नको म्हटले तर हट्ट धरू नये. आपल्यामागे अडचणीत येतात ती वस्तीतली माणसे. आपण तर विमानात बसून निघून येतो.

प्रवासाचे थोडक्यात सांगायचे तर इंदूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून जकार्ता किंवा बाली, मग जयापुराजवळचा सेन्तानी विमानतळ आणि शेवटी वामेना. भारतीय पारपत्रावर तीस दिवसांचा व्हिसा इंडोनेशियात उतरल्यावर मिळतो. डोंगराळ भागासाठी मात्र ‘सुरात जालान’ नावाचा पोलिसी परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट आकाराचे फोटो आणि पारपत्राच्या भरपूर प्रती सोबत असाव्यात, आणि ज्या ज्या वस्त्यांना जायचे असेल त्या सगळ्यांची नावे परवान्यात लिहून घ्यावीत.

आता खाण्याचे. आपल्याकडे रताळे आठवते ते एकादशीला. तिथे ते बारा महिने, तिन्ही त्रिकाळ माणसाचे आणि डुकरांचेही अन्न आहे. चर खणून उंच वाफे करायचे, चरातला गाळ काढून वाफ्यावर पसरायचा आणि त्यात वेल लावायचे, अशी ही शेती असते. रोजची काढणी बहुतांशी बायका करतात. कपाळावरून पाठीवर सोडलेली ‘नोकेन’ ही विणलेली पिशवी भरून त्या संध्याकाळी परततात तेव्हा त्यात रताळी, पाला, सरपण आणि कधी तान्हे मूलही असते. या नोकेनची २०१२ साली युनेस्कोने तातडीने जपण्याच्या वारशात नोंद केली. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की रताळे गव्हा-ज्वारीसारखे कणगीत भरून ठेवता येत नाही. ते जमिनीतच राहते आणि लागेल तसे काढले जाते, आणि उंचावर त्याला तयार व्हायला सहा महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो. म्हणूनच दंव पडून वेल जळाले की हाताशी काहीच उरत नाही. २०२३ च्या मध्यावर पुंचाक जिल्ह्यातल्या उंच वस्त्यांत दुष्काळ आणि दंव यांनी पीक गेले आणि माणसे दगावली. अशा ठिकाणी चार पाहुणे आणि त्यांचे सामान वाहणारे चार-सहा जण आठवडाभर जेवले तर तो वाफ्यांतला पुढचा घास असतो.

तेव्हा स्वतःचा आणि सोबतच्या सगळ्या माणसांचा शिधा आपणच न्यावा. तांदूळ, तेल, चहा, साखर वामेनाच्या बाजारात मिळते, पण बराचसा माल विमानाने येत असल्यामुळे महाग असते. इंदूरहून सातूचे पीठ, मेतकूट, भाजलेले पोहे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि थोडी शेव नेली तर वजनाच्या मानाने पोट चांगले भरते. रताळी विकत घेतली तर सांगितलेला दाम लहान नोटांत रोख द्यावा, घासाघीस करू नये. भेट म्हणून मीठ, साबण, काडेपेट्या न्याव्यात. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटणे आणि आजाऱ्यांना आपल्याजवळची औषधे देत सुटणे, हे दोन्ही टाळावे.

राहायला बहुधा ‘होनाई’ मिळते: गोल, गवताने शाकारलेले, खिडकी नसलेले घर, ज्याच्या दारातून जवळजवळ रांगतच आत जावे लागते. मध्ये विस्तव, वर काजळीने काळे कुळकुळीत झालेले वासे आणि जमिनीवर गवत. धूर छताशी साचतो, म्हणून आत शिरल्यावर उभे न राहता लगेच खाली बसावे. डोळ्यांची आग निम्म्याने कमी होते. दम्याच्या माणसाने मात्र होनाईत झोपण्याचे धाडस करू नये आणि तंबू न्यावा. पुरुष आणि बायका वेगवेगळ्या घरांत झोपतात, हे जोडप्यांनी आधीच गृहीत धरावे. रात्री चांगलाच गारठा पडतो, आणि याली मुलखाकडे जाताना ३,००० मीटरहून उंच खिंडी लागतात, त्यामुळे उबदार स्लीपिंग बॅग हवीच. पावसाळ्यात राळामंडळ किंवा जानापावच्या चिखलात ओझे घेऊन चालण्याचा सराव केला तर तिथल्या निसरड्या वाटा थोड्या सोप्या जातात.

आरोग्याबाबत एक गोष्ट शाकाहारी मंडळींनी विशेष लक्षात घ्यावी. या पर्वतांत १९७० च्या दशकापासून डुकरांमधल्या पट्टकृमीचा (टेपवर्मचा) उपद्रव आहे, आणि त्याची अंडी पोटात गेली तर गाठी मेंदूत होऊन आकडी येऊ शकते. ही अंडी मांसातून नव्हे, तर न धुतलेल्या हातांतून, कच्च्या पाल्यातून आणि दूषित पाण्यातून येतात. म्हणजे डुकराचे मांस न खाल्ल्याने हा धोका टळत नाही. पाणी उकळून प्यावे, कच्चे काही खाऊ नये, आणि साबण कायम खिशात ठेवावा. उंचावर हिवताप कमी असला तरी परवान्यासाठी जिथे थांबावे लागते त्या जयापुरा-सेन्तानीच्या सखल भागात तो भरपूर आहे, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल इंदूरमध्येच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मोठ्या प्रसंगी ‘बाकार बातू’ नावाचा सामूहिक स्वयंपाक होतो. लाकडांच्या ढिगावर दगड लाल होईस्तोवर तापवतात, चिरलेल्या काठीच्या चिमट्याने उचलून गवत-पानांनी मढवलेल्या खड्ड्यात ठेवतात, आणि त्यांवर रताळी, पाला आणि डुकराचे मांस यांचे थर रचून सगळे वाफेवर शिजवतात. मांस चालत नसेल तर खड्डा भरायला घेण्याआधीच वाटाड्याकरवी सांगावे. पान समोर आल्यावर नाकारणे यजमानांना फार लागते. वालेसी या मुस्लिम दानी गावात डुकराऐवजी कोंबडी घालतात, तेव्हा खाण्याची बंधने तिथे अपरिचित नाहीत. राखेत भाजलेली रताळी आनंदाने मिळतात. काही वृद्ध बायकांची बोटे पेरापासून तुटलेली दिसतील. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या शोकाची ती जुनी खूण आहे. त्यांचा फोटो मागूही नये. इतरांचा काढायचा असेल तर आधी विचारावे आणि पैसे मागितले तर द्यावेत.

परत निघताना प्लास्टिक आणि बॅटऱ्या सगळ्या बरोबर आणाव्यात, कारण वस्तीत कचरा उचलणारी गाडी येत नाही. डोंगरातली लहान विमाने माणसाचे आणि सामानाचे वजन करून, बहुधा सकाळीच उडतात, कारण दुपारनंतर ढग खिंडी बंद करतात. हवा बिघडली की उड्डाण रद्द होते. त्यामुळे जयापुराहून पुढच्या तिकिटाआधी किमान दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत, आणि वस्तीतच अडकून पडलो तर त्या दिवसांचे जेवणही आपल्याच शिध्यातून निघेल एवढा शिधा वामेनातून निघतानाच बांधून घ्यावा.