जुनी कॅम्पर घाटात तापते? पार्ट बदलायच्या आधी हे बघा

काटा लालकडे गेला की बरेच मेकॅनिक डोळे झाकून रेडिएटर उतरवतात, आणि पैसे गेल्यावर कळतं की दोष भलताच होता. आधी गाडी नेमकी कधी तापते ते बघा, निम्मं काम तिथेच होतं. फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बनवलेल्या जुन्या कॅम्परमध्ये बेड, पाण्याची टाकी, बॅटऱ्या असं वजन कायमचं असतं, त्यामुळे कसारा घाटात काटा थोडा चढणारच, पण सपाटीला आल्यावर तो उतरला पाहिजे.

पहिलं काम सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. कूलंट किती आहे बघा, झाकणाचं रबर चिरलंय का बघा, कारण प्रेशर धरलं नाही तर पाणी लवकर उकळतं. हा सगळ्यात स्वस्त पार्ट आणि त्याच्याकडेच कोणी बघत नाही.

ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्याला थंड होते? म्हणजे हवा कमी पडतेय. फॅन बेल्ट ढिला असेल, किंवा व्हिस्कस फॅन (इंजिनच्या जोरावर फिरणारा, आत घट्ट तेलाचा क्लच असलेला पंखा) गेला असेल. इंजिन गरम असताना बंद करा, चावी काढा आणि फॅन हाताने फिरवा, जड लागला पाहिजे, भिंगरीसारखा सुटा फिरला तर गेला समजा. (इलेक्ट्रिक फॅन असेल तर हात घालू नका, तो बंद गाडीतही सुरू होऊ शकतो.)

उलट गावात ठीक पण हायवेला किंवा चढाला तापते, तर पाणी नीट फिरत नाहीये. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत क्षार धरून रेडिएटर चोक होतो. गरम इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा, मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथे पाणी जात नाहीये. कोणाला तरी रेस करायला सांगून रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) बघा, आत चेपला जात असेल तर तो बदला.

काटा चढतोय तरी वरचा होज थंडच, मग बहुतेक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, अडकलाय. काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात टाका, त्यावर ८२ लिहिलं असेल तर साधारण तेवढ्या डिग्रीला उघडायला लागला पाहिजे. काहीजण तो कायमचा काढून टाकायला सांगतात, ऐकू नका.

आणि बाहेर गळती नसताना पाणी कमी होतंय, थंड इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतायत, ऑइलच्या डिपस्टिकवर पांढरट फेस दिसतोय, तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय समजा. तशी गाडी घाटात नेऊ नका, टो करूनच गॅरेजला न्या.