पाळी गेल्यानंतर अंडाशयात गाठ निघाली, तर ऑपरेशनचा निर्णय कसा घ्यावा

पोट जड वाटते म्हणून साठीतली बाई तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करून येते, कागदावर अंडाशयात गाठ असल्याचे लिहिलेले असते, आणि त्याच रात्री घरात ठरून जाते की पिशवीसकट सगळे काढून टाकावे म्हणजे कटकट संपली. पाळी गेली, आता अंडाशयाचा उपयोग काय, हा त्यामागचा हिशेब. तो अपुरा आहे, कारण या वयातल्या अनेक गाठी निव्वळ पाण्याच्या असतात, आहे तेवढ्याच राहतात किंवा आपोआप विरतात, आणि भूल व ऑपरेशनची जोखीम मात्र वयाबरोबर वाढते. तरीही तरुणपणापेक्षा या वयात गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता जास्त असल्याने कागद कपाटात ठेवून देणेही चालणार नाही.

पोटात एकाएकी तीव्र कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर पुढचे काही वाचत बसू नये; गाठीमुळे अंडाशयाला पीळ पडला असू शकतो, तेव्हा त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त गेले, तर गाठ असो वा नसो, त्याची वेगळी तपासणी लांबवू नये.

अशी घाई नसेल तर पहिले काम सोनोग्राफीचा अहवाल नीट वाचून घेण्याचे. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशय पुष्कळदा स्पष्ट दिसत नाही. योनिमार्गातून केलेली अधिक भरवशाची असते. तिला बायका लाजतात, पण ती काही मिनिटांची असते आणि स्त्री डॉक्टर मागण्यात गैर काही नाही. अहवालात पाच गोष्टी शोधाव्यात: गाठीत अनेक कप्पे आहेत का, घट्ट भाग आहे का, दोन्ही बाजूंना गाठी आहेत का, पोटात पाणी साठले आहे का, आणि रोग इतरत्र पसरल्याची खूण आहे का.

दुसरे काम सीए-125 या प्रथिनाचे रक्तातले प्रमाण मोजणारी तपासणी. साधारणपणे 35 पेक्षा कमी आकडा सामान्य धरतात. मात्र या एका आकड्याने घाबरू नये की निर्धास्तही होऊ नये. पोटाचा टीबी, यकृताचा आजार, हृदय कमजोर होणे यांनीही तो चढतो, तर सुरुवातीच्या कर्करोगात तो सामान्य असू शकतो.

मग गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता जोखण्यासाठी सोनोग्राफी आणि सीए-125 दोन्ही जोडून गुणाकार करायचा. ब्रिटनमध्ये 1990 साली मांडलेल्या या पद्धतीत वरच्या पाचांपैकी एकही खूण नसेल तर 0, एक असेल तर 1, दोन किंवा अधिक असतील तर 3 गुण धरतात. पाळी गेलेली असल्याचे 3. आणि त्यांना सीए-125 च्या आकड्याने गुणतात. एक खूण आणि आकडा 24 असेल तर 1 × 3 × 24 म्हणजे 72. दोन खुणा आणि आकडा 60 असेल तर 540. गुणाकार 200 किंवा त्याहून जास्त आला, तर सीटी स्कॅन करून कर्करोगाची ऑपरेशने नेहमी करणाऱ्या स्त्रीरोग शल्यविशारदाकडेच जावे. विदर्भातून नागपूर किंवा सेवाग्राम गाठणे त्यासाठी सोयीचे पडते. गावाजवळच्या लहान दवाखान्यात आधी पोट उघडून मग तिकडे धाव घेणे हा सर्वांत महागात पडणारा रस्ता आहे. आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर आकडा कमी असला तरी ते आधीच सांगावे.

गाठ एकाच बाजूला, एकाच कप्प्याची, पाण्याची, 5 सेंटिमीटरपेक्षा लहान, त्रास नसलेली आणि सीए-125 सामान्य असेल, तर लगेच काढण्याची गरज सहसा नसते. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2016 मध्ये दिलेल्या सल्ल्याप्रमाणे 4 ते 6 महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, आणि वर्षभरात गाठ वाढली नाही तर पाठपुरावा थांबवता येतो. गोम अशी की ही तारीख नेमकी सोयाबीन सोंगणीत किंवा कापूस वेचणीत येते आणि राहून जाते. म्हणून ती आशाताईंनाही सांगून ठेवावी. सुईने पाणी काढून घेण्याचा सोपा वाटणारा उपाय मात्र स्वीकारू नये, कारण पाणी पुन्हा भरते आणि गाठ कर्करोगाची निघाल्यास पेशी पोटात सांडू शकतात.

ऑपरेशन ठरलेच, तर दुर्बिणीतून होईल का, दोन्ही अंडाशये व नलिका काढणार का, गर्भपिशवी काढण्याचे वेगळे कारण आहे का, आणि गाठ न फोडता थैलीत घालून बाहेर काढणार का, हे विचारावे. रक्तदाब व साखरेबरोबर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही माहिती भूलतज्ज्ञांना द्यावी. आपल्या विदर्भात ही बाब विसरण्यासारखी नाही. जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्यापूर्वीच समजून घ्यावे. काढलेली गाठ प्रयोगशाळेत जाते आणि तिचा अहवाल पुष्कळदा सुट्टी झाल्यानंतर येतो, तेव्हा तो घ्यायला कोण व कधी येणार हे घरी निघण्याआधी ठरवावे.